‘मेंदूज्वराची लस झाली आहे’, पण कोणत्या गटाची?

लसीकरणाच्या टेबलावर आमचा पहिला प्रश्न असतो, ‘मेंदूज्वराची लस झाली आहे का?’ उत्तर बहुतेक वेळा ठाम येतं, ‘हो, लहानपणी सगळ्या झाल्यात.’ आईवडील खरंच बोलत असतात, पण एवढ्या उत्तरावर आम्हाला काहीच ठरवता येत नाही. म्हणून आम्ही कार्ड मागतो. कार्ड हरवलं असेल तर जुन्या दवाखान्यात फोन करायला सांगतो, नोंदीचा फोटो मागवून घेतो. त्यात दहा-पंधरा मिनिटं गेली तरी जाऊ देतो, कारण या आजारात ‘लस झाली’ हे वाक्य अर्धंच असतं. कोणत्या जंतूची, कोणत्या गटाची आणि किती वर्षांपूर्वी, हे तिन्ही कळल्याशिवाय ते पुरं होत नाही.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत ‘मेंदूज्वर’ म्हटलं की दोन वेगळे आजार त्यात येतात. एकात खुद्द मेंदूला सूज येते, जपानी मेंदूज्वर हा त्यातला. दुसऱ्यात मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीच्या आवरणांना सूज येते, तो मेनिंजायटिस. जपानी मेंदूज्वराच्या लसीचा या दुसऱ्या आजारावर काही उपयोग नाही. मेनिंजायटिसही एका जंतूचा नसतो. विषाणूंमुळे होणारा बहुधा आपणहून बरा होतो. क्षयाचा असतो, बुरशीचा असतो. पण सकाळी धडधाकट दिसणाऱ्या मुलाला रात्रीपर्यंत अतिदक्षता विभागात नेऊन ठेवतो तो जिवाणूंचा. त्यातल्या तीन मोठ्या जिवाणूंवर लसी आहेत: हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी, म्हणजे ‘हिब’, न्यूमोकोकस, आणि मेनिंगोकोकस. बीसीजीची लस लहान मुलांना क्षयाच्या मेनिंजायटिसपासून बरंच संरक्षण देते, तेही कार्ड बघताना लक्षात ठेवावं.

कार्ड वाचताना सगळ्यात जास्त फसवतं ते ‘बी’ हे अक्षर. एकाच कार्डावर हिपॅटायटिस बी असतं, हिबमधला बी असतो, आणि मेनिंगोकोकसचाही एक गट बी असतो. तिघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. ‘बी झालेली आहे’ असं बोट ठेवून दाखवलेली नोंद हिबची निघते, हे इतक्या वेळा होतं की आता आम्ही पूर्ण नाव मोठ्याने वाचूनच पुढे जातो.

मेनिंगोकोकसचे १२ गट आहेत. जिवाणूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं एक वेष्टन असतं, त्याच्या घडणीवरून हे गट ठरतात. जगभरातला जवळजवळ सगळा आजार ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय या सहा गटांमुळे होतो. एका गटाची लस दुसऱ्या गटावर चालत नाही, आणि कोणता गट कुठे जोर धरेल हे काळाप्रमाणे बदलत राहतं. ब्रिटनमध्ये गट सी वाढला तेव्हा १९९९ मध्ये त्या देशाने जगात सर्वांत आधी सी गटाची संयुग्मी लस (जंतूची साखर प्रथिनाला जोडून केलेली) वेळापत्रकात आणली. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात गट ए चं थैमान असायचं. १९९६-९७ च्या साथीत तिथे अडीच लाख माणसं आजारी पडली आणि २५ हजार दगावली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून गट ए ची खास लस द्यायला सुरुवात झाली, आणि पुढच्या काही वर्षांत त्या पट्ट्यातून गट ए जवळपास दिसेनासा झाला. पण सी, डब्ल्यू, एक्स उरलेच. म्हणून पाच गटांवरची लस तयार झाली. जागतिक आरोग्य संघटनेने तिला जुलै २०२३ मध्ये मान्यता दिली, आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली. हजच्या यात्रेत २००० साली गट डब्ल्यूची साथ पसरली. त्यानंतर यात्रेकरूंना चार गटांच्या लसीचा दाखला लागू लागला, आणि तोही पोचण्याच्या किमान १० दिवस आधी टोचल्याचा. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात येणाऱ्यांना या १० दिवसांचं कारण समजावून सांगावं लागतं: लस टोचल्याक्षणी संरक्षण सुरू होत नाही, शरीराला प्रतिपिंडं तयार करायला साधारण तेवढा वेळ लागतो.

लस दोन वयांत सर्वांत महत्त्वाची. एक वर्षाखालची बाळं, कारण त्यांची प्रतिकारशक्ती कच्ची असते. आणि १५-१६ पासून विशीच्या सुरुवातीपर्यंतची मुलं. दुसऱ्या वयोगटाचं नाव घेतलं की पालक चमकतात; ‘आता हा एवढा मोठा, याला कसली लस?’ असं म्हणतात. मेनिंगोकोकस बहुतेकांच्या बाबतीत आजार करतच नाही, नाकाच्या मागे घशात गुपचूप राहतो. कोणत्याही वेळी सुमारे १० टक्के लोक तो असा बाळगून असतात, आणि हे प्रमाण सर्वांत जास्त असतं ते याच तरुण वयात. तो पसरतो थुंकीच्या तुषारांतून, चुंबनातून, दाटीवाटीने एकत्र झोपण्या-राहण्यातून. वसतिगृहात नव्याने राहायला गेलेली मुलं, सैन्यात नव्याने भरती झालेले तरुण यांच्यात तो पूर्वीपासून दिसत आला आहे. धूम्रपानाने, आणि दुसऱ्याच्या विडी-सिगारेटच्या धुराने सुद्धा, धोका वाढतो. म्हणून वसतिगृहात जाणाऱ्या मुलाची लस सामान बांधायच्या दिवशी नको. त्याच्या निदान दोन आठवडे आधी व्हायला हवी.

यानंतर प्रश्नांची एक फेरी असते. ती फक्त फॉर्म भरण्यासाठी नसते, तिच्यावरून वेळापत्रक बदलतं. प्लीहा, म्हणजे पानथरी, काढलेली आहे का? सिकल सेलचा आजार आहे का? त्यात पानथरी जागेवर असूनही निकामी झालेली असते. जंतू मारायला मदत करणाऱ्या, रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनांची कमतरता आहे का, किंवा एक्युलिझुमॅबसारखं ती प्रथिनं अडवणारं औषध सुरू होणार आहे का? असेल तर लस औषधाच्या पहिल्या डोसच्या किमान दोन आठवडे आधी द्यावी लागते, आणि तरीही ताप आला की त्या माणसाने थेट रुग्णालय गाठायचं असतं. एचआयव्ही आहे का? कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठीचं यंत्र, बसवलं आहे का किंवा बसवायचं आहे का? तसं असेल तर न्यूमोकोकसची लस आधी बघावी लागते. प्लीहा, कॉम्प्लिमेंट किंवा एचआयव्हीचा प्रश्न असलेल्या मुलांना चार गटांच्या लसीचे एकाऐवजी दोन डोस आणि ठरावीक वर्षांनी बूस्टर लागतात. हे प्रश्न आम्ही सगळ्यांसमोर विचारत नाही. बाजूला घेऊन विचारलं की खरी उत्तरं मिळतात, विशेषतः मोठ्या मुलांकडून.

लस पुढे ढकलावी लागते अशी कारणं थोडी आहेत. आधीच्या डोसनंतर किंवा लसीतल्या एखाद्या घटकाने जिवावर बेतणारी ॲलर्जी आली असेल तर ती देत नाही. मूल तापाने फणफणलेलं असेल तर बरं होईपर्यंत थांबतो. नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे, दात येताहेत, यांतलं एकही कारण नाही. अशा कारणांनी माघारी गेलेलं मूल ठरल्या वेळी परत येईलच याची खात्री नसते, आणि उशीर झाला की बाळाच्या सर्वांत नाजूक महिन्यांत खिंडार पडतं.

आता लसींबद्दल. जुन्या लसींत वेष्टनाची नुसती साखर असे. दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर तिला नीट दाद देत नाही, कारण नुसत्या साखरेने प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी जाग्या होत नाहीत आणि आठवण मागे राहत नाही. नव्या संयुग्मी लसींत तीच साखर एखाद्या प्रथिनाला जोडलेली असते, बहुधा धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या निष्प्रभ केलेल्या विषाला. मग बाळाचं शरीरही तिला ओळखतं आणि आठवणही ठेवतं. या लसी घशातलं वास्तव्यही कमी करतात, त्यामुळे न टोचलेल्यांनाही थोडा आडोसा मिळतो. ए, सी, डब्ल्यू, वाय या चार गटांची लस अशा प्रकारची.

गट बी इथे बसत नाही, आणि त्याचं कारण आम्हाला आजही विलक्षण वाटतं. बी च्या वेष्टनातली साखर आपल्या स्वतःच्या चेतापेशींवरच्या साखरेसारखीच असते. शरीर तिला परकी समजत नाही, आणि समजलं तर ते स्वतःवरच उलटण्याची भीती. म्हणून बी ची लस साखर सोडून जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांपासून बनवावी लागली. त्यासाठी जिवाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा चाळून योग्य प्रथिनं हुडकली गेली. ती लस २०१३ मध्ये युरोपात मंजूर झाली. त्यामुळे बहुतेक ठिकाणी अजूनही चार गटांची आणि बी ची अशा दोन वेगळ्या लसी घ्याव्या लागतात. बी च्या दोन लसी उपलब्ध आहेत, बेक्सेरो आणि ट्रुमेन्बा. त्यांच्यातली प्रथिनं वेगळी असल्याने पहिला डोस एकीचा आणि दुसरा दुसरीचा असं चालत नाही. कार्डावर ‘मेन-बी’ एवढंच लिहिलेलं असलं की दुसऱ्या डोसच्या वेळी आमचे हात बांधले जातात. म्हणून ब्रँडचं नाव, बॅच नंबर, तारीख, कोणत्या दंडात किंवा मांडीत आणि पुढची तारीख, असं सगळं आम्ही लिहितो आणि पालकांना तिथेच कार्डाचा फोटो काढायला लावतो. आणखी एक गोष्ट मोठ्या मुलांना मुद्दाम सांगतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात सुमारे ३५ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की बी ची लस घशातलं वास्तव्य कमी करत नाही. ती टोचून घेणाऱ्याला वाचवते, मित्रांना आडोसा देत नाही. मित्राने घेतली म्हणून आपलं भागत नाही.

फ्रिजचं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस. मधला कप्पा वापरायचा, दारात लस ठेवायची नाही, बर्फाच्या पॅकला खोका टेकवायचा नाही. लस गरम होऊ नये म्हणून सगळे जपतात, गोठू नये म्हणून जपणारे कमी, आणि खरी हानी पुष्कळदा गोठण्यानेच होते. बी च्या लसींत ॲल्युमिनियमचं संयुग असतं. एकदा गोठलं की त्याचे कण गोळा होतात आणि लस निकामी होते. नंतर वितळली आणि दिसायला बरी वाटली तरी वापरायची नाही. शंका आली की तो खोका ‘वापरू नये’ असं लिहून वेगळा काढतो.

चार गटांच्या लसीचं काही पॅकिंग दोन भागांत येतं: एका व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, गट ए ची पूड, दुसऱ्यात सी, डब्ल्यू आणि वाय असलेला द्रव. घाईत होणारी चूक इथलीच. द्रव दिसतो, तयार दिसतो, तोच ओढून टोचला जातो आणि पूड खोक्यात राहून जाते. चारऐवजी तीन गटांची लस पडते आणि कुणाला कळतही नाही. म्हणून आमची पद्धत अशी. खोका उघडला की दोन्ही व्हायल शेजारी उभ्या करायच्या. नाव आणि मुदत आम्ही दोघींनी वाचायची. द्रव सिरिंजमध्ये घेऊन पुडीच्या व्हायलमध्ये सोडायचा. व्हायल उलटी-सुलटी करत हलवायची, पूड पूर्ण विरघळून पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. मग ०.५ मिली ओढायचे. दोन्ही रिकाम्या व्हायल नोंद होईपर्यंत ट्रेमध्येच राहतात, कचऱ्यात जात नाहीत. दिवसअखेर ट्रेमध्ये पुडीची एक व्हायल न फोडलेली दिसली, तर कोणाचा डोस अपुरा पडला ते त्याच संध्याकाळी शोधता येतं.

बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, मध्यावर टोचतो. कुल्ल्यावर कधीच नाही. तिथे चरबी जास्त आणि मोठी नस जवळ. सुई २५ मिमी लांब, २३ किंवा २५ गेजची. आखूड सुई वापरली तर लस स्नायूत न जाता चरबीत राहते आणि गाठ, सूज जास्त होते. सुई ९० अंशात सरळ. एकाच मांडीत दोन लसी असतील तर मध्ये निदान अडीच सेंटीमीटर अंतर. आईने बाळाला कुशीत घेऊन पाजत ठेवलं तर रडणं खूपच कमी होतं, त्यासाठी आम्ही थांबतो. टोचल्यावर जागा चोळायची नाही, कापूस नुसता दाबून धरायचा.

मोठ्या मुलांना दंडाच्या वरच्या गोलसर स्नायूत. बाही खांद्यापर्यंत गुंडाळून बसत नसेल तर हात शर्टातून बाहेरच काढायला सांगतो, कारण अर्धवट वर केलेल्या बाहीमुळे सुई खाली सरकते. हात कमरेवर न ठेवता सैल मांडीवर सोडायचा. ताठ स्नायूत सुई जास्त दुखते आणि दुसऱ्या दिवशी दंड जड होतो.

चक्कर येण्याचं प्रमाण या वयात सर्वांत जास्त, आणि ती येते सुईच्या धास्तीने, लसीतल्या कशाने नव्हे. उपाशी आलेला, रांगेत तासभर उभा राहिलेला, ‘मला काही होत नाही’ म्हणत हसणारा मुलगा उठून दोन पावलं टाकतो आणि कोसळतो. डोकं फरशीवर आपटलं तर लसीपेक्षा मोठी इजा होते. म्हणून टोचणं बसूनच, आधी कधी घेरी आली असेल तर झोपवून, आणि नंतर १५ मिनिटं नजरेसमोर. चेहरा पांढराफटक पडला, दरदरून घाम आला, नाडी मंद लागली तर आडवं करून पाय वर घ्यायचे. मिनिटा-दोन मिनिटांत रंग परत येतो. पण अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, आवाज घोगरा झाला, छातीत घरघर सुरू झाली, नाडी वेगात आहे, आणि आडवं करूनही सुधारत नाही, तर ती ॲलर्जी. ती फार क्वचित येते, लाखो डोसमागे एखादी. पण तिची तयारी आम्ही प्रत्येक सत्रात टेबलावर मांडतो: ॲड्रेनलिन, १ मिलीत १ मिलिग्रॅम. वजनाच्या दर किलोला ०.०१ मिली, जास्तीत जास्त ०.५ मिली, मांडीच्या स्नायूत, लगेच. आधी ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसणं ही इथली घातक चूक.

घरी जाताना दंड दुखणं, थोडी लाली, डोकेदुखी, थकवा यांची कल्पना देतो. एक-दोन दिवसांत जातं. बी च्या लसीनंतर बाळांना ताप मात्र खरंच येतो, साधारण सहा तासांनी चढतो आणि दोन दिवसांत उतरतो. ब्रिटनमध्ये २०१५ पासून ही लस बाळांच्या वेळापत्रकात आहे. तिथे पहिल्या डोसांना टोचल्यानंतर लगेच ६० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल देतात, मग ४ ते ६ तासांच्या अंतराने आणखी दोनदा. औषध मिलीत मोजू नका, मिलिग्रॅममध्ये मोजा, हे आम्ही बाटली हातात धरून सांगतो. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमच्या सिरपचे अडीच मिली म्हणजे ६० मिलिग्रॅम. पण बाळांसाठीच्या थेंबांत १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, त्याचे अडीच मिली म्हणजे २५० मिलिग्रॅम, चौपटीहून जास्त. बाळाला लस देणाऱ्याकडून डोस लिहून घ्यावा आणि तो लिहून देताना त्याने बाटली बघावी. बाळ ताप असूनही पीत असेल, नजरेला नजर देत असेल तर घरी चालेल. मलूल पडलं, प्यायचं सोडलं, विचित्र किंचाळत रडू लागलं तर ‘लसीचाच ताप’ म्हणून थांबायचं नाही.

चार गटांच्या लसीचं संरक्षण साधारण पाच वर्षांत ओसरू लागतं. म्हणूनच अमेरिकेत ११-१२ व्या वर्षी एक डोस आणि १६ व्या वर्षी बूस्टर असं ठरवलं गेलं होतं. पहिलाच डोस १६ नंतर झाला असेल तर निरोगी मुलाला एक पुरतो. बी चे किमान दोन डोस लागतात. त्यांच्यातलं अंतर ब्रँड आणि देशाच्या वेळापत्रकाप्रमाणे वेगळं असतं, आणि दुसऱ्या डोसला न येणं ही मोठ्या मुलांतली नेहमीची गळती. एकच डोस घेऊन ‘झाली’ म्हणणाऱ्याला बी पासून भरवशाचं संरक्षण नसतं. फार दिवस लोटले तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा.

सगळे गट झाले तरी मेनिंजायटिस कधीच होणार नाही असं कुणी म्हणू शकत नाही. म्हणून १५ मिनिटांच्या त्या बसण्यात आम्ही लक्षणं सांगतो. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या ४४८ मुलांच्या मेनिंगोकोकस आजाराचा तासागणिक अभ्यास प्रसिद्ध झाला. मान आखडणं, न जाणारे पुरळ, शुद्ध हरपत जाणं ही सगळ्यांना पाठ असलेली लक्षणं आली ती १३ ते २२ तासांनी. त्याच्या खूप आधी, सुमारे आठव्या तासाला, तीन गोष्टी दिसत होत्या: पाय दुखणं, ताप असूनही हात-पाय गार पडणं, आणि त्वचेचा रंग विचित्र, राखाडी किंवा ठिपकेदार होणं. ७२ टक्के मुलांत यांतलं काही ना काही होतं. तरी पहिल्या तपासणीत रुग्णालयात पाठवलं गेलं निम्म्याच मुलांना. तापलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावतो तसा तळव्यांनाही लावा. लहान मूल ‘पाय दुखतात’ म्हणत नाही, ते उभं राहायलाच नकार देतं. बाळाची मान आखडलेली कळत नाही. त्याची टाळू फुगते, उचललं की जास्त रडतं, अंग सैल पडतं.

पुरळ दिसले तर काचेचा पेला घ्या. पेल्याची बाजू ठिपक्यांवर घट्ट दाबा आणि काचेतून बघा. साधे पुरळ दाबाखाली फिके पडतात. रक्त त्वचेत उतरलेलं असेल तर ठिपके काचेखाली तसेच जांभळट-लाल राहतात, मग एक क्षणही थांबायचं नाही. सावळ्या त्वचेवर ते पोटापाठीवर हुकतात, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडातला वरचा भाग बघा. मात्र सुरुवातीचे पुरळ दाबल्यावर फिके पडूही शकतात, आणि काहींना पुरळ येतच नाहीत. पेल्याने ‘नाही’ म्हटलं तरी मूल तासातासाला खालावत असेल तर पेल्यावर विसंबू नका.

रुग्णालयात पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की घरचे हबकतात, ‘कंबर जाईल, पाय जातील’ म्हणतात आणि सही अडते. मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, नवजात बाळात तिसऱ्याच्या आसपास. सुई त्याच्या खाली जाते, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत. तिथे नुसते नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात. काढायचे असतात मोजके थेंब, आणि शरीर ते पाणी पुन्हा तयार करतं. जिवाणूचा आजार असेल तर पाणी गढूळ येतं, पांढऱ्या पेशी शेकड्या-हजारांत, साखर घटलेली. तपासणीला उशीर होणार असेल तर रक्त कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी) घेऊन अँटिबायोटिक आधीच सुरू करतात, औषध पाण्यासाठी थांबत नाही. मात्र औषधानंतर साधारण दोन तासांत मेनिंगोकोकस पाण्यात उगवेनासा होऊ शकतो. म्हणून औषध किती वाजता दिलं आणि पाणी किती वाजता काढलं, दोन्ही वेळा लिहायला हव्यात.

एका घरात रुग्ण निघाला की फोन सुरू होतात. आजाराच्या आधीच्या सात दिवसांत एका घरात राहिलेले, एका खोलीत झोपलेले, चुंबनाइतका जवळचा संबंध आलेले यांना प्रतिबंधक अँटिबायोटिक लागतं, शक्यतो २४ तासांत. मोठ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅमची एक मात्रा, किंवा रिफाम्पिसिन दोन दिवस. रिफाम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते, कॉन्टॅक्ट लेन्स रंगतात आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे आधी सांगितलं नाही तर लोक दुसरा डोस घेत नाहीत. वर्गातल्या सगळ्यांना, बसमधल्या सगळ्यांना औषध लागत नाही. हा जंतू शरीराबाहेर फार काळ तगत नाही. प्रयोगशाळेने गट कळवला आणि त्यावर लस असली तर जवळच्यांना तीही देतात.

उपचार मिळूनही मेनिंगोकोकसचा आजार झालेल्यांपैकी १० ते १५ टक्के दगावतात, आणि वाचलेल्यांतल्या पाचांपैकी एकापर्यंत काही ना काही मागे राहतं: बहिरेपण, फिट, गेलेली बोटं किंवा पाय. त्यातलं बहिरेपण घरी लक्षात येत नाही. मूल बोलावल्यावर वळलं नाही तर अशक्तपणा वाटतो. म्हणून श्रवणचाचणी घरी सोडण्याआधी, फार तर बरं झाल्यापासून चार आठवड्यांत. न्यूमोकोकसच्या आजारानंतर विशेषतः आतल्या कानात हाड धरू लागतं, आणि ते धरलं की इम्प्लांटची तार आत घालणं अवघड होतं. बऱ्या झालेल्या मुलालाही आम्ही टेबलावर बोलावतो. एका गटाचा आजार होऊन गेला म्हणजे बाकीच्या गटांपासून संरक्षण मिळालेलं नसतं. कॉम्प्लिमेंटची रक्तचाचणी लिहून देतो, श्रवणचाचणीचा कागद बघतो, आणि कार्ड उघडून कोणता गट राहिला आहे ते शोधतो.